एकोणीस मिलिसेकंदांची डुलकी

हेर्ताचा प्रोग्राम शुक्रवारी सकाळी परत मेला, आणि ह्या वेळी सगळ्यांच्या देखत मेला.

म्हणजे असं बघा, टेबलावर तो पिवळा डबा, आपल्या जेवणाच्या डब्याएवढाच, त्याची वायर पडद्याला जोडलेली, शेजारी योर्मा कॉफीचा मग घेऊन उभा आणि हेर्ता हाताची घडी घालून. ती हाताची घडी घालते तेव्हा ओळखायचं की ती घाबरलीय. प्रोग्राम सुरू झाला, आकडे यायला लागले, थोडा वेळ सगळं छान चाललं, आणि मग डब्यातल्या राखणदाराने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामने, आपलं काम केलं. पडद्यावर एक ओळ उमटली: झोप पाच टक्के, प्रोग्राम बंद केला.

"पाच," योर्मा म्हणाला आणि त्याने एक घोट घेतला.

"माझ्या टेबलावर पंचाण्णव येतात."

"मग तुझं टेबलच नेऊन ठेवू बर्फावर."

योर्मा असाच बोलतो, सगळ्यांशीच. साठीचा माणूस आहे, हे डबे त्याने स्वतःच्या हाताने जोडलेत. हेर्ताला ते माहीत होतं, तरी तिला ते लागलंच.

कारण दोन हिवाळे घातले होते हो तिने ह्या प्रोग्राममध्ये. खाडी गोठली की बेटाकडे जायचा रस्ता बर्फावरूनच होतो, गाड्या जातात, दुधाचा ट्रक जातो, पोरांची बस जाते. आणि बर्फ तडकायच्या आधी आवाज करतो, अगदी बारीक, आपल्या कानाला कळतसुद्धा नाही. तो आवाज हेर्ताचा प्रोग्राम ऐकतो. डबा बर्फात पुरायचा, आत बर्फाला कान लावलेला सेन्सर, आणि काही वेगळं ऐकू आलं की किनाऱ्यावर निरोप. पण बॅटरी एकच, आणि ती अख्खा हिवाळा पुरवायची. म्हणून डब्यातला प्रोसेसर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला पाहिजे. राखणदाराचा नियम सरळ होता: शंभरातले निदान नव्वद भाग झोप, नाहीतर जो प्रोग्राम सगळ्यात खादाड असेल त्याला बाहेर काढ.

"पाणी शिरू नये म्हणून तीन वाजता मी आत राळ ओतणार," योर्मा म्हणाला. "एकदा ओतली की डबा कोणालाच उघडता येत नाही, मलापण नाही. तोपर्यंत तुझा प्रोग्राम जगला तर जाईल. नाही जगला तर ह्या वर्षी डब्यातून नुसतं तापमान कळेल."

"आणि माझं?"

"पुढच्या हिवाळ्यात बघू."

आता ह्या सगळ्यात इंकेरी कुठे होती, तर खिडकीपाशी, बूट काढून, लोकरीचे मोजे घातलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून, तोंडात तिकडे सगळे चघळतात ती काळी खारट गोळी. इंकेरीचं काम म्हणजे गाभा. प्रत्येक मशीनच्या पोटात एक गाभा असतो ना, सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात, कोणी कधी झोपायचं, कोणी कधी उठायचं हे जो ठरवतो, तो. हा गाभा कोणा एकाचा नाही, जगभरची माणसं मिळून लिहितात, आणि पार उत्तरेकडच्या औलू शहरातल्या ह्या खोलीतून इंकेरी लिहिते. हेर्ता तिच्याशी दोन वर्षांत फार तर कॉफीच्या मशीनपाशी बोललेली, तेही दूध संपलंय का एवढंच.

ती उठली, मोज्यांवरच घसरत आली, आणि तिने काय करावं, तर डब्याचं झाकण काढून चिपवर बोट ठेवलं. नुसतं बोट.

"थंड आहे," ती म्हणाली.

"मग?" योर्मा.

"पाच टक्केच झोपते म्हणतोस ना, मग आतापर्यंत बोट भाजायला हवं होतं. ही बाई निवांत झोपलेली आहे आणि हजेरीवर लिहिलंय जागी म्हणून. मग हजेरी घेणाऱ्याला विचारायचं, तिला कशाला उठवायचं?"

हेर्ताला त्या क्षणी तिला मिठी मारावीशी वाटली. नाही मारली अर्थात. तिकडे कोणी मारत नाही.

"हेर्ता, तुझ्या टेबलावरच्या मशीनचे सेकंदाला ठोके किती?"

"हजार."

"आणि डब्याचे?"

"शंभर. बॅटरी वाचावी म्हणून आम्हीच कमी केले."

इंकेरीच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते हेर्ता नंतर कितीदा तरी सांगायची. म्हणे एखाद्याला जत्रेत हरवलेला भाऊ दिसावा तसं.

आता हे नीट ऐका, कारण सगळी मजा ह्यातच आहे. प्रत्येक मशीनला नाडी असते. हेर्ताच्या मशीनचे सेकंदाला हजार ठोके, म्हणजे एक ठोका एका मिलिसेकंदाचा. आता गाभ्यात एका जागी झोप मोजली जात होती ठोक्यांत, आणि दुसऱ्या जागी तोच आकडा उचलून वाचला जात होता मिलिसेकंदांत. मधे रूपांतर करायचं राहून गेलं होतं. आणि हे कोणाच्या कधी लक्षातच येणार नाही, कारण हजारवाल्या मशीनवर दोन्ही एकच की. आणि गाभा लिहिणारे जेवढे म्हणून लोक आहेत, त्या सगळ्यांच्या टेबलावर हजारवालंच मशीन. सगळे तपासतात, सगळ्यांचं बरोबर येतं, सगळे खूश. आणि आपल्या ह्या गरीब डब्यात एक ठोका दहा मिलिसेकंदांचा. तो शंभर मिलिसेकंद झोपायचा, दहा ठोके मोजले जायचे, आणि वाचणारा म्हणायचा, दहा मिलिसेकंद झोपला.

"दहापटीने कमी," हेर्ता म्हणाली.

"दहापटीने कमी," इंकेरी म्हणाली, आणि तिने खुर्ची ओढली.

तिने ती जागा शोधून काढली, रूपांतर घातलं, गाभा नव्याने बांधला, डब्यात चढवला. हेर्ता मागे उभी राहून बघत होती. तुम्ही कधी कोणाला आपलं काम खरंच चांगलं करताना पाहिलंय का? घाई नाही, बडबड नाही, बोट कुठेही उगाच जात नाही. मधेच थांबून ती एकच ओळ वाचत बसायची, आपण पत्ता वाचतो तशी, हेच घर ना म्हणून.

डबा सुरू झाला. पडद्यावर आकडा आला.

पन्नास.

राखणदाराने प्रोग्राम बंद केला.

हेर्ताने मनात पाचाला दहाने गुणलं. बरोबरच होतं की. पाचाचे पन्नासच होणार. म्हणजे चूक सापडली, सुधारली, आणि उरलेला दोष तिचाच. प्रोग्राम खरंच अर्धा वेळ जागा असणार.

"योर्मा, राखणदाराची नव्वदची रेघ चाळीसवर आण ना," ती म्हणाली. "फक्त ह्या वर्षी."

"नाही."

"का पण?"

"चाळीसवर आणली की उद्या कुठलाही खादाड आत शिरेल, आणि फेब्रुवारीत डबा मरेल, आणि तेव्हा त्याच्यावरून बस जात असेल. रेघ हलणार नाही, हेर्ता." ह्या वेळी तो थट्टा करत नव्हता.

हेर्ता आपल्या टेबलाशी गेली. तिला कळेना काय करावं, म्हणून तिने तेच केलं जे आपण सगळे करतो, उगाच हे बदल, ते बदल. तिचा प्रोग्राम कसा होता, तर एक मिलिसेकंद जागा, एकोणीस झोप, परत एक जागा, परत एकोणीस झोप. सेन्सर दर वीस मिलिसेकंदाला बर्फाचा एक आकडा देतो, त्याच्याच तालावर. तिने एकोणीसचे एकवीस केले. म्हटलं थोडी जास्त झोप देऊन बघू. आणि डब्यावर चढवला.

एक्याण्णव.

राखणदार गप्प. प्रोग्राम चालूच, चालूच.

ती त्या आकड्याकडे बघत बसली. झालं होतं काम. कोणाला काही सांगायचीही गरज नव्हती, योर्मा नुसता आकडा बघणार, मान हलवणार, राळ ओतणार. पण तिला माहीत होतं ना, की बाविसाच्या तालावर गेलं की विसाच्या तालाचा सेन्सर पुढे निघून जातो, आणि दर अकरा आकड्यांतला एक निसटतो. बर्फाची तडक केवढी असते? कधीकधी एका आकड्याएवढीच.

ती उठून इंकेरीपाशी गेली. "मी काहीतरी केलंय," ती म्हणाली. "पास होतोय. पण बरोबर नाहीये ते."

तिला वाटलं इंकेरी नाक मुरडेल. इंकेरीने पाय खाली घेतले.

"काय केलंस? नीट सांग."

"एकोणीसचे एकवीस."

"आणि पन्नासाचे?"

"एक्याण्णव."

"दोन मिलिसेकंद जास्त झोपला आणि पन्नासावरून एक्याण्णववर उडी?"

"हो."

"हेर्ता," इंकेरी म्हणाली, "हे तू काय आणलंयस तुला कळतंय का?" इंकेरी खिडकीबाहेर बघत होती, बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं, आणि ती तेच बघत असावी असं वाटत होतं. मग तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली.

"तू आजीकडे लाल बेरी गोळा करायला जायचीस?"

"जायचे की."

"मोजायचात कशा?"

"लिटरच्या मापाने."

"बरं. आता समज, प्रत्येक पोर आपली बादली घेऊन येतं, आणि मोजणारा काय करतो, तर प्रत्येक बादली वेगळी मोजतो, आणि शेवटचं माप पूर्ण भरलं नाही की ते ओतून देतो. बाहेर, गवतात."

"असं कोण करेल?"

"आपला गाभा. प्रत्येक डुलकी संपली की तिचे लगेच ठोके करतो, आणि ठोक्याहून कमी उरलं ते टाकून देतो. डब्यात ठोका दहाचा. तुझी डुलकी एकोणीसची. एक ठोका लिहिला, नऊ मिलिसेकंद गवतात. सेकंदाला पन्नास वेळा. एकवीस केलंस, दोन ठोके लिहिले, एकच फेकला. म्हणून उडी."

हेर्ताने बोटांवर हिशोब केला. वीसमधले दहा, पन्नास टक्के. खरे वीसमधले एकोणीस. पंचाण्णव. तिचे, टेबलावरचे, पहिल्या दिवसापासूनचे पंचाण्णव.

"आणि माझ्या मशीनवर..."

"तुझ्या मशीनवर ठोका एक मिलिसेकंदाचा. एकोणीसमध्ये एकोणीस ठोके, गवतात काहीच नाही. तिथे ह्या दोन्ही चुका आहेत, फक्त दिसत नाहीत." इंकेरी हसली. "मला सापडलंच नसतं हे. मी पन्नासकडे बघून म्हणणार होते, असेल बाई, असतात काही प्रोग्राम खादाड."

"आता?"

"आता सगळ्या बादल्या आधी एका पिंपात ओतायच्या. मोजायचं शेवटी, एकदाच."

आणि तिने तेच केलं. तिने जेवढ्या ओळी लिहिल्या त्याहून जास्त पुसल्या, हेर्ता बघत होती. डुलकी आली की जशी आहे तशी, सगळ्यात बारीक मापात, बेरजेत जाते. ठोके वगैरे करायचे ते कोणी आकडा विचारला तरच. मग ती नुसत्या डब्यावर थांबली नाही हं. शेल्फवरचं एक जुनं मशीन काढलं, धूळ फुंकली, त्याचे ठोके अडीचशे, त्याच्यावर चालवलं. हजारवर चालवलं. एकोणीसवर, एकवीसवर, तीनवर, सातशेवर चालवलं. हेर्ता म्हणाली, "अगं, तीन वाजता राळ आहे." इंकेरी म्हणाली, "हो ना, म्हणून चुकायला वेळ नाहीये."

डब्यावर पंचाण्णव आले. पण अजून संपलं नव्हतं, कारण योर्माचा दुसरा एक नियम होता, आणि तो सगळ्यांना पाठ: गाभ्यातली खासगी ठिगळं डब्यात जाणार नाहीत. मागे एकदा असं ठिगळ लावलेलं, पुढचा गाभा आला आणि ते ठिगळ कुठे गेलं कळलंच नाही. तेव्हापासून जे गाभ्याच्या माणसांनी स्वीकारलं तेच जाणार.

आणि गाभ्यातला वेळेचा भाग सांभाळते ती तुरिद. शेजारच्या देशात, ट्रोंधाइम शहरात असते. तिला भेटलेलं कोणीच नाही, पण सगळे तिच्या मेलला घाबरतात. तिच्या मेलमध्ये नमस्कार नसतो, खाली नाव नसतं, मधे जे असतं ते बरोबर असतं. इंकेरीने दुरुस्ती सगळ्यांच्या यादीवर पाठवली, जगात कोणालाही वाचता येईल अशी, आणि मग दोघी दालचिनीचे बन खात बसल्या. म्हणजे हेर्ता खात होती, इंकेरी कुरतडत होती. इंकेरी घाबरलेली असू शकते हे हेर्ताच्या डोक्यातच आलं नव्हतं.

उत्तर आलं. हेर्ताने खांद्यावरून वाचलं.

"गणित बरोबर. दोन चुका आहेत, दोन दुरुस्त्या करून पाठव. कुठल्या बदलाने हे बिघडलं ती ओळ नाही. ती घाल."

"बस?" हेर्ता म्हणाली. "मग घाल ना ती ओळ."

इंकेरीचे कान लाल झाले होते. "ती ओळ मी मुद्दाम नाही घातली."

"का?"

"कारण तो बदल तिचाच आहे."

तर तिथे पद्धत अशी आहे, की काहीही दुरुस्त केलं की खाली लिहायचं, हे अमक्याच्या अमक्या बदलाने बिघडलं होतं. नावासकट. लाज काढायला नाही. तो जुना बदल कुठे कुठे, कोणाच्या कुठल्या मशीनमध्ये जाऊन बसलाय कोणाला माहीत, तिथे तिथे दुरुस्तीने त्याच्या मागोमाग जायचं, म्हणून. इंकेरीला हे पाठ आहे, दुसऱ्यांच्या दुरुस्त्या ती ह्याच कारणावरून परत पाठवते. पण तुरिदचा कोड वाचून वाचून ती शिकली होती, विद्यापीठात असताना रात्र रात्र. आणि आता तिच्याच नावापुढे बिघडवलं असं लिहायचं?

"तिला माहीतच असणार की," हेर्ता म्हणाली.

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? तिला माहितीये आणि तरी मागतेय. तू न लिहून तिचा मान ठेवतेयस की तुझा?"

इंकेरीने वळून हेर्ताकडे पाहिलं. हेर्तालाही आपण हे कसं बोललो कळेना, दोन वर्षांत दुधाशिवाय विषय नाही आणि आज हे.

"बोलतेस की गं तू," इंकेरी म्हणाली, आणि टाइप करायला लागली.

दोन दुरुस्त्या, प्रत्येकीखाली ती ओळ, तुरिदचं पूर्ण नाव. पाठवलं.

मग योर्मा आला, हातात गरम पाण्याचं भांडं आणि त्यात राळेची बाटली, पातळ व्हावी म्हणून. सगळ्या खोलीत तो वास भरला. त्याने डबे रांगेत लावले, झाकणं काढली.

"काय निकाल?"

"थांबलोय," इंकेरी म्हणाली.

"राळ थांबत नाही. गरम केली की तिचं तिचं घड्याळ सुरू." तो हेर्ताकडे वळला. "एकवीसवाला पास होतो म्हणे? जुन्या गाभ्यावर?"

हेर्ताने परत हाताची घडी घातली आणि इंकेरीकडे पाहिलं. इंकेरीने खांदे उडवले. "मीच सांगितलं त्याला. पहिली, रूपांतराची दुरुस्ती नसली तर तोही मरतो. पण तुरिदने नुसती पहिलीच स्वीकारली तरी तो जाईल. तुझा प्रोग्राम आहे, तू ठरव."

"मग पहिलीच आली तर तो टाकू?" योर्मा म्हणाला. "तेवढं तरी जाईल बर्फावर. दहा ऐकेल, अकरावं सोडेल."

आणि इथे हेर्ताची हाताची घडी सुटली. दोन हिवाळे. हो म्हणायचं, की झालं असतं. तिने टेबलावरच्या त्या जुन्या धुळकट मशीनकडे पाहिलं, जे इंकेरीने कोणी सांगितलेलं नसताना शेल्फवरून काढलं होतं.

"नको," ती म्हणाली. "एकोणीसच. नाहीतर मग काहीच नको."

"नक्की?"

"लोक त्याच्यावर विश्वास ठेवून जाणार बर्फावर. सगळं ऐकणारा नसेल तर नसू दे, मग ते आपले डोळे उघडे ठेवून तरी जातील."

योर्माने बाटली तशीच गरम पाण्यात राहू दिली आणि तो थांबला. हे त्याने कधी केलेलं नाही, विचारा कोणालाही.

तुरिदचं उत्तर आलं तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातली दुपारच. इंकेरीने मोठ्याने वाचलं.

"बरोबर. ते लिहिलं तेव्हा माझ्याकडे एकच मशीन होतं, हजारचं. आज शंभरचं लावून पाहिलं. तुझं म्हणणं खरं आहे. दोन्ही स्वीकारल्या. एकोणीस आणि एकवीस ही तपासणी मी कायमची ठेवून घेतेय, पुढे कोणी इथे हात लावला तर आधी हिच्यातून जाईल."

"कायमची," हेर्ता म्हणाली.

"खाली बघ."

खाली, दुरुस्तीतल्या तुरिदच्या नावाच्या त्या ओळीवर, इंकेरीने दुसऱ्यांदा पाठवताना एक ओळ घातली होती आणि सांगितलीच नव्हती. चूक जिने दाखवली ती: हेर्ता कोस्केला. जगभरच्या मशीनांत आता ते जाणार होतं, फ्रिजमध्ये, जहाजांत, कोणाच्या कोणाच्या खिशात. हेर्ताने आपलं ते पूर्ण नाव तीनदा वाचलं.

"मी तर फक्त झोप वाढवली होती," ती म्हणाली.

"आणि मग येऊन सांगितलंस," इंकेरी म्हणाली. "आकडा आवडला की माणसं येऊन सांगत नाहीत गं. मी दहा वर्षं बघतेय."

स्वीकारलेला गाभा डब्यात चढला. वर एकोणीसवाला प्रोग्राम. तिघं पडद्याकडे बघत उभे. पंचाण्णव आले, आणि राखणदार गप्प बसला, आणि गप्पच राहिला. योर्माने बाटली उचलली, कापडाने पुसली, आणि इतक्या हळू ओतायला सुरुवात केली, की वाटावं तो एखाद्या पोराला औषध पाजतोय. राळ चढत गेली, तारांवरून, सेन्सरच्या कडेने, त्या थंड चिपवरून, पार वरपर्यंत. आकडा हलला नाही.

"आता कोणी टेबलाला धक्का लावू नका," योर्मा म्हणाला. मग वायर काढली आणि पुढचा डबा ओढला.